हलगी ऐकू येतीय का?

गंगापुरात माझी ओळख ‘लढाईवाले दगडूमामा’ अशी आहे. हॉटेलात नवा माणूस दिसला की कुणीतरी त्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगतं, आणि तो माणूस बाकडं ओढून पहिला प्रश्न हाच विचारतो, “मामा, किती जपानी मारले?” मी सांगतो, मारला एकही नाही, पण एक उचलून आणला होता. मग त्याचा चेहरा पडतो आणि तो भजी मागवतो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही ‘काहीतरी पराक्रमाचं लिहा’ असं कळवलं आहे. त्यांची मेहरबानी. पण दुकानात जो माल आहे तोच गिऱ्हाइकाला देता येतो. मी ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या डोंगरात जखमी माणसं वाहून आणली. बंदूक होती, पण ती पाठीला, आणि बरेचदा ती आपल्यालाच टोचायची. माझ्या दोन्ही हातांत स्ट्रेचरचे दांडे असत.

खरं तर मी फौजेत गेलो तो ढोल वाजवायला. आमच्या घरात हलगी. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, लग्नात वाजवायचे, जत्रेत वाजवायचे आणि गावात कुणी गेलं की मयतापुढंही वाजवायचे. लग्नाची चाल वेगळी, मयताची वेगळी. हलगीचा आवाज कानावर आला की आमच्या गल्लीतली बाई तव्यावरची भाकरी न सोडता सांगायची, वरात आहे का मयत. मी त्यातच वाढलो. एकदा औरंगाबादच्या छावणीत एका सुभेदाराच्या घरचं लग्न होतं, तिथं पलटणीच्या बँडमास्तरनं मला ऐकलं आणि विचारलं, ढोल वाजवशील का? मी व्हय म्हणालो. मी ढोल त्याआधी जवळून पाहिलासुद्धा नव्हता.

तेव्हा आमचा मुलूख निजामाचा. शाळेत उर्दू, घरात मराठी आणि छावणीत इंग्रजाचा हुकूम. लढाई सुरू होती, भरती जोरात होती. आई रडायला लागली तेव्हा आबांनी तिला समजावलं, “अगं, वाजवायलाच चाललाय ना? मारायला थोडाच चाललाय?” त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं की पलटण लढाईला निघाली की बँडवाले वाद्यं गोदामात जमा करतात आणि त्यांच्या हाती स्ट्रेचर येतं. ही पलटणींची जुनी रीत. शांततेच्या काळात साहेबांच्या मेजवानीला वाजवायचं आणि लढाईत त्यांनाच उचलायचं.

बँडमध्ये माझा जोडीदार मेहबूब. औरंगाबादच्या शहागंजचा. घरी हिमरू कापडाचा माग होता, बाप विणकर, पण याच्या बोटांना धाग्यापेक्षा क्लॅरिनेटची भोकं जास्त आवडली. अंगानं काटकुळा, तोंडानं तिखट. त्याचा दम मात्र असा की त्यानं एक सूर धरला की आम्ही निवांत विडी पेटवायचो, झुरके मारायचो, आणि विडी संपत आली तरी तो सूर चालूच. त्याच्या छातीत लोहाराचा भाता आहे, असं बँडमास्तर म्हणायचे. त्याला त्याचा गर्व होता आणि तो लपवत नव्हता.

पलटण निघाली तेव्हा औरंगाबाद ठेसनावर त्याची अम्मी आली होती. तिनं मेहबूबच्या दंडाला हिरव्या कापडात इमाम-ज़ामिन बांधला, परदेशी निघालेल्या माणसाच्या रक्षणासाठी बांधतात तो. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. “हात आगे कर.” मी म्हणालो, “अम्मी, मी तर...” ती म्हणाली, “चुप बैठ. गोली नाम पूछको आती क्या?” तिनं माझ्याही दंडाला बांधला. गाडी सुटताना तिनं मला एवढंच सांगितलं, “उसकू संभाल.” हा माझ्यावरचा पहिला आणि शेवटचा खरा हुकूम, असं मी आजही मानतो.

आता धंदा समजावून सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, स्ट्रेचर उचलायला काय लागतं? दोन बांबू, मधे किंतान, चार माणसं, चला. पण चार माणसं एका तालात चालली की स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलायला लागतं आणि जखमी माणसाचा प्राण कंठाशी येतो. म्हणून चौघांनी पाय तोडून चालायचं असतं. पुढचा डावा आणि मागचा उजवा, या दोघांनी डाव्या पायानं निघायचं आणि उरलेल्या दोघांनी उजव्या. मग एकाचा झोक दुसरा खातो आणि वरचा माणूस थाळीतल्या पाण्यासारखा स्थिर राहतो.

ऐकायला सोपं आहे. पण आम्ही बँडवाले! आयुष्यभर एकच शिकलेलो, पाय तालावर पडला पाहिजे. परेडीत कुणाचा पाय चुकला की छडी. आता नेमकं चुकायला शिका म्हणून हुकूम.

आम्हाला शिकवायला एक उत्तरेकडचा हवालदार होता, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. त्यानं जखमी म्हणून आमचा लांगरी निवडला, म्हणजे पलटणीचा आचारी. बाळाराम त्याचं नाव, भोकरदनकडचा, आणि अंगानं चांगला भरलेला. छावणीच्या मैदानात त्याला स्ट्रेचरवर झोपवला. मी, मेहबूब, पैठणचा नामदेव आणि जालन्याचा गफूर, असे चौघं. “चल!” म्हणताच आमचे चार डावे पाय एकदम पडले. काय देखणी चाल! बघणाऱ्यानं टाळी वाजवावी. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत बाळारामचा चेहरा पिवळा झाला होता आणि सकाळचा नाश्ता त्याच्या सदऱ्यावर होता.

“अरे बारात ले जा रहे हो क्या?” उस्ताद ओरडला.

“माझ्याच पोह्यांनी मला दगा दिला रं,” बाळाराम म्हणाला.

पुढचे कितीतरी दिवस हेच. निघायचो तुटक्या पायानं, थोडं पुढं गेलो की कुणाचा तरी पाय आपोआप दुसऱ्याला जाऊन मिळायचा, मग तिसरा, मग चौथा. ताल ही घाण सवय आहे, लागली की सुटत नाही. शेवटी मी हलगीचा उपाय काढला. हलगीला दोन काड्या असतात, जाड आणि बारीक. दोन्हींचे ठोके वेगळे, पण बोल एकच. मी चौघांत वाटणी केली. जाड काडीचा ठोका मी आणि मेहबूबनं धरायचा, बारीक काडीचा नामदेव आणि गफूरनं. मनातल्या मनात हलगी वाजवायची आणि फक्त आपल्या काडीवर पाय टाकायचा. ते जमलं. बाळाराम स्ट्रेचरवर घोरायला लागला तेव्हा उस्तादनं आम्हाला पास केलं.

डोंगरात गेल्यावर कळलं की मैदानावर जे शिकलो ते धड्याचं पहिलं पान होतं. वर मोर्चे, खाली ओढ्याकाठी डॉक्टरांचा तंबू, आणि मधे बांबूच्या रानातली पाऊलवाट, कधी खाली, कधी परत वर. तिथं दुसरा नियम लागू होतो. जखमीचं डोकं कायम उंचाकडं हवं. म्हणून सपाटीला आणि उतारावर पाय पुढं, आणि चढण आली की स्ट्रेचर फिरवून डोकं पुढं. मागचा माणूस तोंडाकडं बघत चालतो, शुद्ध आहे का, रंग उतरतोय का.

या नियमात काही खोट असेल असं वाटत नाही ना? स्ट्रेचरचा किताब, म्हणजे नियमांचं पुस्तक, लिहिणाऱ्यालाही वाटलं नव्हतं. पण तो आमच्या मुलखातला नव्हता.

पहिलाच जखमी वैजापूरचा किसन. मांडीत गोळी. बांधाबांध करून उचलला, उताराला लागलो, आणि किसननं वाटेतल्या बांबूला मिठी मारली. सोडेना.

“पाय पुढं करून कुठं चालवलंय रं मला? मी काय मेलोय व्हय?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं मयताला घरातून पाय पुढं करून काढतात. जिवंत माणूस उंबऱ्याकडं पाय करून झोपलासुद्धा तर आई त्याला उठवते. किसनच्या लेखी आम्ही त्याची तिरडी काढली होती. गफूरनं समजावलं, नामदेवनं दटावलं, पण किसन बांबू सोडायला तयार नाही. आणि अशा वेळी वाटेत थांबणं बरं नसतं.

मी मागं होतो, त्याच्या तोंडाशी. मी विचारलं, “किसनदादा, हलगी ऐकू येतीय का?”

“काय?”

“हलगी. गावात मयत निघालं की म्होरं माझा बाप हलगी वाजवतो. तुझ्या म्होरं वाजतीय का?”

किसननं खरंच कान दिला. लांब कुठंतरी तोफा चालू होत्या. “नाय वाजत,” तो म्हणाला.

“मंग? हलगीबिगर मयत निघतं का आपल्याकडं?”

“नाय निघत.”

“मंग सोड बांबू.”

त्यानं सोडला. तंबूत पोचेपर्यंत तो अधूनमधून स्वतःच मला सांगत होता, “अजून नाय वाजली रं.” किसन पुढं बरा झाला.

हे झालं उताराचं. दुसऱ्याच आठवड्यात खुलताबादचा करीम आमच्या हाती आला. उतारावर एकदम शांत. चढण आली, आम्ही स्ट्रेचर फिरवून डोकं पुढं केलं, आणि करीम उठून बसायला लागला. “सर आगे नक्को! सर आगे नक्को!” त्यांच्यात जनाज़ा नेताना डोकं पुढं असतं. म्हणजे उताराला हिंदू घाबरणार आणि चढणीला मुसलमान. डोंगर काही कुणाची जात बघून उतरत नाही.

तिथं मेहबूबनं सूत्रं हातात घेतली. “करीमभाई, जनाज़ेकू कंधा देते ना? हम तो तुमकू हाथाँ में लटकाको ले जारे, भाजी की थैली जैसा. और पीछे देखो कौन है. दगडू. इसकू आती क्या नमाज़?” करीमनं मान उचलून माझ्याकडं पाहिलं. माझं ध्यान बघून त्याची खात्री पटली असावी, कारण तो परत आडवा झाला.

तेव्हापासून आमची वाटणीच ठरली. उतारावर माझी हलगी आणि चढणीवर मेहबूबची थैली. बाकीचे स्ट्रेचरवाले हसायचे, मग हळूहळू तेही हेच बोलायला लागले. डोंगरातल्या बांबूच्या रानात पंजाबी शिपाई पंजाब्याला हलगीबद्दल विचारताना मी ऐकलं आहे. हलगी काय असते हे त्या दोघांनाही माहीत नसणार.

तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं भेटली. एक गोरा लेफ्टनंट होता, तो सगळ्या वाटेनं आमची माफी मागत आला, की मी जड आहे. तो खरंच जड होता. आणि तो जपानी. पायाला लागलं होतं, मागं राहिला होता, अंगात काही उरलं नव्हतं. त्याला उचलायला वाकलो तेव्हा मेहबूब म्हणाला, “दगडू, इन्के में क्या आगे रखते रे?” कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याला खुणेनं विचारलं, आधी त्याच्या पायाकडं बोट, मग डोक्याकडं. तो नुसता बघत राहिला. आम्ही त्याला मारणार नाही एवढं त्याला तेव्हा समजलं असावं, कारण त्याचे डोळे भरून आले. त्याला आम्ही किताबाप्रमाणे नेला. तोच माझा एक जपानी.

सगळे पोचले नाहीत. त्याबद्दल मी फार बोलत नाही, पण एक सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याच भागातला एक शिपाई होता, त्याचं नाव लिहीत नाही, घरचे अजून आहेत. पोटात लागलं होतं. उतारावर मी नेहमीसारखं विचारलं, “भाऊ, हलगी ऐकू येतीय का?” तो शांतपणे म्हणाला, “व्हय. येतीय.” वळणापाशी तो गेला. मला हुंदका आवरेना, आणि हातात दांडे असल्यामुळं डोळे पुसता येईनात. त्या दिवसानंतर मी तो प्रश्न विचारणं बंद केलं. मेहबूबनं का म्हणून विचारलं नाही. त्यालाही ऐकू गेलं होतं.

आणि मग मेहबूबचीच पाळी आली.

सकाळची वेळ होती. एका जखमीला तंबूत पोचवून आम्ही रिकामं स्ट्रेचर घेऊन परत वर निघालो होतो. टेकाड ओलांडून वाटेतल्या दुसऱ्या ओढ्यात पाणी प्यायला थांबलो. मेहबूब नेहमीप्रमाणं बडबडत होता, शहागंजातल्या कुठल्या हॉटेलातला चहा खरा आणि कुठला पाणचट यावर. तोफगोळा पडला तो पलीकडच्या काठावर. धूळ खाली बसली तेव्हा मेहबूब बसलेला होता आणि उजवी बरगडी दाबून धरत होता. बोटांतून रक्त येत होतं. “दगडू,” तो म्हणाला, “दम नै आरा रे.”

ज्याच्या छातीत लोहाराचा भाता, त्याला श्वास येईना.

ओढ्यापलीकडून, वरच्या मोर्चाला भाकरी पोचवून, बाळाराम लांगरी येत होता. चौथा हात तोच. मेहबूबला बांधला, स्ट्रेचरवर घेतला. वाट पाण्यापासून टेकाडावर चढायची आणि मग पलीकडं उतरायची. छातीची जखम, त्यामुळं डोकं उंच हवंच. म्हणजे चढणीला डोकं पुढं. मी मुद्दाम पुढचा दांडा धरला आणि मान मागं वळवून चालायला लागलो, कारण त्याचं तोंड माझ्या कमरेपाशी होतं.

“सर आगे है क्या रे?” त्यानं विचारलं. इतरांना थैलीची गोष्ट सांगून हसवणारा मेहबूब हे विचारत होता.

“हौ,” मी म्हणालो. “थैली हैस तू.”

तो हसला नाही. त्याच्या श्वासातून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. डोळे मिटायला लागले. डॉक्टर नेहमी सांगायचे, झोपू देऊ नका. माझ्या ओठावर एकच प्रश्न होता आणि तो विचारायची माझी छाती होईना. तो व्हय म्हणाला तर? अम्मीला जाऊन काय सांगू?

म्हणून मी दुसरं काहीतरी केलं. मी तोंडानं वरातीची चाल धरली. लग्नाची हलगी, आबा वाजवायचे ती. मयताच्या चालीपासून सगळ्यात लांबची जी गोष्ट मला येत होती ती हीच. जीव तोडून बोल म्हणत होतो. पलीकडं नामदेवनं धरली. मागून गफूरनं. बाळारामसुद्धा गुणगुणायला लागला. आणि आम्ही बँडवाले! कुणाच्याही ध्यानात न येता आमचे पाय एकेक करून तालावर आले. चौघं एकदम, मैदानावर पहिल्या दिवशी चाललो होतो तसे, देखणे. स्ट्रेचर झुलायला लागलं.

“अरे ताल में नक्को चलो रे हरामख़ोरो!”

मेहबूब ओरडला होता. डोळे टक्क उघडे. एवढं बोलून त्याला खोकला आला, तोंडात रक्त आलं, पण डोळे उघडेच. “पलटन में इत्ते दिन रहको... पाय तोडना... नै आता तुमकू?”

मला कुठलीच शिवी आयुष्यात एवढी गोड लागली नाही. मी रडत रडत हसत होतो. नामदेव म्हणाला, “शिव्या दे बाबा, आणखी दे!” आणि मेहबूबनं दिल्या. एक शिवी, मग थांबून श्वास, मग पुढची शिवी. त्याच्या त्या तुटक्या बोलण्यावर आमचे पाय तुटले. त्याच्या शब्दावर जाड काडी आणि त्याच्या श्वासावर बारीक काडी. टेकाड चढलो, स्ट्रेचर फिरवलं, उतरलो. तंबूच्या दाराशी पोचेपर्यंत त्यानं बाळारामच्या पोह्यांपासून माझ्या खानदानापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला होता.

डॉक्टरांनी त्याला वाचवलं. पण त्याला मागच्या दवाखान्यात हलवायच्या आधी मी भेटायला गेलो, तेव्हा त्यानं सांगितलं की एका बाजूचं फुप्फुस पार बिघडलं आहे. “डाक्टर बोल्या, जी लेगा. बजाना भूल जा.” एवढं सांगून त्यानं तोंड तंबूच्या कनातीकडं केलं. त्याला जगवल्याचा आनंद मला तिथं दाखवता आला नाही.

लढाई संपली. मी सुटून घरी आलो. दुसऱ्याच दिवशी शहागंज गाठलं. अम्मीनं माझ्या दंडाला हात लावून पाहिलं, हिरवं कापड विरून दोऱ्यावर आलं होतं, पण होतं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मेहबूब मागावर बसला होता. वाळला होता. हिमरूत हिरव्या वेली उमटत होत्या, आणि क्लॅरिनेटची पेटी मागाखाली, वर धाग्यांची बोचकी ठेवलेली.

“बजाया कभी?”

“नक्को रे. आधा सूर में दम टूटता. लोगाँ हसेंगे.”

मी जात राहिलो, तो विणत राहिला. तो विषय काढला की मागाचा खटखटाट वाढायचा. पुढच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मुलखात तेव्हा कुजबुज सुरू झाली होती. कोण कुणाचा, हे लोक नावावरून ठरवायला लागले होते. मी मेहबूबला आवतण दिलं, तेव्हा त्याच्या गल्लीतला एक जण मधेच म्हणाला, एवढ्या लांब खेड्यात कशाला जातोस या दिवसांत? मेहबूब म्हणाला, “देखेंगे.” मला वाटलं, संपलं. आता हा येत नाही.

वरात निघायच्या वेळी मी मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसलो होतो. आबा पुढं हलगी शेकत होते, विस्तवावर धरून ती ताणून घेतात तसं. तेवढ्यात वेशीतून बैलगाडी आली. गाडीत अम्मी, आणि तिच्या शेजारी, मांडीवर पेटी घेऊन, मेहबूब.

त्यानं खाली उतरून पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं आणि आबांपुढं जाऊन उभा राहिला. “आबा, मैं बजाऊँ क्या? लेकिन मेरा दम टूटता.”

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांना सगळी गोष्ट मी सांगितलेली होती. ते म्हणाले, “तुटू दे की. मी थांबतो.”

मेहबूबनं सूर धरला. तोच सूर, गोड, पण पूर्वीच्या मानानं अगदी आखूड. अर्ध्यात तुटला. तो वाकला, श्वास घेतला. आणि तेवढा वेळ आबांची जाड काडी थांबली, फक्त बारीक काडी नुसती कुरकुरत राहिली, सुराची वाट बघत. सूर परत आला की जाड काडी परत. असं तुटत, थांबत, परत लागत वरात चालली. नाचणाऱ्यांचे पाय चुकायला लागले. नवरीकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं तक्रार केली, “ह्ये कसलं वाजिवणं म्हणायचं? एकाचा पाय दुसऱ्याला मिळंना.” मला घोड्यावर बसून त्या पाहुण्याच्या पाया पडावंसं वाटलं. मारुतीच्या देवळापर्यंत पोचलो तेव्हा सगळी वरात त्या तुटक्या चालीत रुळली होती. कुणीही हसलं नाही. अम्मी गाडीत बसून पदरानं डोळे टिपत होती.

देवळापाशी वरात थांबली. मेहबूब घामानं निथळत होता, ओठ निळसर झाले होते, पण चेहऱ्यावर तो जुना गर्व परत आलेला. आबा रंगात आले होते, मेहबूब थांबला तरी त्यांची हलगी थांबेना. मेहबूब घोड्याजवळ आला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेतला, मग आणखी एक घेतला, आणि मान वर करून मला म्हणाला,

“दगडू, हलगी ऐकू येतीय रे.”

मी इतका हसलो की मुंडावळ्या गळ्यात आल्या.